सात अक्रोड

"सात म्हणजे किती ते सांगू नकोस, पोरी. सात म्हणजे कसे, ते सांग."

पस्तीस वर्षं झाली, तरी बापाचा हा आवाज नेवेनाच्या कानात तसाच होता. अक्रोडाच्या हिरव्या सालीसारखा, खरखरीत आणि जरासा कडू. ती तेव्हा सहा वर्षांची होती. विहिरीच्या कठड्यावर त्यानं सात अक्रोड मांडले होते. आधी दोन, मग थोडी जागा सोडून दोन, मग तीन. ती बघत राहिली तसं त्यानं ते हातानं गोळा केले आणि पुन्हा मांडले. आता तीन, दोन, दोन.

"किती?"

"सात."

"आणि मघाशी?"

"सातच."

"म्हणजे दोन्ही नाच एकच म्हणायचे?"

"हो," ती म्हणाली होती.

तिचा बाप स्पास आसपासच्या गावांत लग्नाला ढोल वाजवायचा. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. त्यानं उजव्या हातात जाड टिपरू घेतलं, डाव्या हातात बारीक छडी घेतली आणि दोन्ही सात वाजवून दाखवले. पहिल्यात पाय दोनदा चटचट पडला आणि तिसऱ्यांदा रेंगाळला. दुसऱ्यात आधीच रेंगाळला, मग दोनदा चटचट पळाला.

"एक माणूस दारात येताना रेंगाळतो, एक दारातून जाताना. दोघांना एकाच नावानं हाक मारशील तू? बकरीला खायला घालीन तुला."

बकरीनं काही खाल्लं नाही. अक्रोड तिनंच खाल्ले.

*

मार्चचा पहिला आठवडा होता. प्लोवदिव शहरात ज्याच्या त्याच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा होता. करकोचा दिसेपर्यंत तो सोडायचा नाही, आणि यंदा करकोच्यांचा पत्ता नव्हता. लोकगीत संग्रहाच्या दुसऱ्या मजल्यावर सोमवारी सकाळी रांगेलकाका धापा टाकत चढून आले ते डोक्यावरची मेंढीच्या कातड्याची टोपी न काढताच बोलायला लागले.

"तुझ्या यंत्राला ताप आलाय का गं, नेवेना? मी घरून तीन-दोन-दोनची गाणी मागितली. म्हणतंय, एकही नाही. पिरीनच्या डोंगरातली माणसं काय एका रात्रीत मुकी झाली?"

रांगेलकाका शहात्तर वर्षांचे. उभी हयात त्यांनी खांद्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र टाकून गावं पालथी घातली होती. म्हाताऱ्यांना गायला लावलं होतं, आणि प्रत्येक गाण्याचं एक कार्ड लिहिलं होतं: गाव, गाणाऱ्याचं नाव, पहिली ओळ, आणि तालाची मांडणी. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सोमवारी ते यायचेच.

"तुम्ही नीट टाकलं नसेल, काका," नेवेना म्हणाली. संग्रहाच्या सगळ्या संगणकी कामाची ती प्रमुख होती, आणि असं म्हणायची तिला सवय होती.

तिनं स्वतः शोधलं. शून्य नोंदी. मग तिनं अख्खा तक्ता उघडला आणि तालाच्या रकान्यावर आली. तिथं २+२+३ असं काही नव्हतं. ३+२+२ असंही काही नव्हतं. ७ होते. ७, ७, ९, ७, ११, ७, ७. अख्ख्या गावाला एकच आडनाव लावावं तसे खालपर्यंत सात.

तिनं तक्ता पुन्हा वर सरकवून पाहिला.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरून स्तामेननं विचारलं. एकतीस वर्षांचा, लांब हातापायांचा, नेहमी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी लोकांना घरून गाणी शोधता यावीत म्हणून जे दालन उघडलं, ते त्याचं काम.

"सात झाले सगळे."

"सात तर सात. गाणी तीच आहेत ना?"

"तू आधी तोंडातलं साल थुंक," रांगेलकाका म्हणाले, "आणि मग गप्प बस."

संगणकाच्या भाषा दोन स्वभावांच्या असतात, असं नेवेना नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. काही कडक. त्यांना आधी सांगावं लागतं की या जागी आकडा येणार, इथं तारीख, इथं नुसता मजकूर. मग एकाच्या जागी दुसरं आणलंत, तर त्या दारातच आडव्या होतात, कटकट करतात, पुढं सरकू देत नाहीत. आणि काही सैल. त्यांना कुणाला नाही म्हणवत नाही. जे द्याल ते घेतात, बघतात, आपल्या मनानं ठरवतात की याला असं म्हणायचं असेल, आणि करून मोकळ्या होतात. माणूस खूश होऊन घरी जातो. रडायची वेळ पुढं कधीतरी, दुसऱ्याच कुणावर येते.

रांगेलकाकांनी कार्डावर लिहिलं होतं २+२+३. ते गणित नव्हतंच. ते एक पाऊल होतं. कुणीतरी कधीतरी तो रकाना भरताना हा मजकूर आहे एवढं सांगायचं राहू दिलं. सैल भाषेनं आकडे पाहिले, मधली अधिकची चिन्हं पाहिली, आणि न विचारता बेरीज करून ठेवली. बेरीज बरोबर होती. तीच तर चीड आणणारी गोष्ट. चुकीचं उत्तर आलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असतं.

आणि सातातून दोन-दोन-तीन परत निघत नाहीत. पिठातून कुणी जोंधळा निवडून दाखवावा.

"कार्डं बघू मग," स्तामेन म्हणाला.

कार्डं चार वर्षांपूर्वी तळघरात पाणी शिरून कुजली होती, आणि "सगळं यंत्रात आहेच" म्हणून लगद्याच्या कारखान्यात गेली होती. रांगेलकाका त्या दिवशी गाडीमागं फाटकापर्यंत चालत गेले होते. आत्ता ते नेवेनाकडं बघतसुद्धा नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं.

*

संचालिका गेनोवेवा दोन्चेवा यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं.

"किती गाणी?"

"चौदाशे बारा."

"पुढच्या शुक्रवारी आपली यादी मध्यवर्ती भांडारात जायचीय. एकदा गेली की पाच वर्षं तिला हात लावता येत नाही. हे माहीत आहे ना?"

"आहे."

"मग ऐका बसून. ध्वनिमुद्रणं तर शाबूत आहेत? रांगेलकाकांचे कान शाबूत आहेत?"

"एक कान शाबूत आहे," रांगेलकाका म्हणाले. "दुसरा बायकोला देऊन टाकला."

दोन्चेवा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नेवेनापुढं एक छापील कागद सरकवला. त्यावर तीन चौकटी होत्या. काय घडलं. कसं घडलं. कुणामुळं घडलं.

"हा भरून द्या. कुणाच्या हातून झालं ते मला हवंय. स्तामेनचा करार त्याच शुक्रवारी संपतो, तो पुढं चालवायचा की नाही ते मी यावरच ठरवणार आहे. रागावू नका, पण दालन त्याचंच आहे."

नेवेना आपल्या जागी येऊन बसली. किती वेळा सांगितलं होतं तिनं स्तामेनला! सैल भाषेत काम करू नकोस, केलंस तर प्रत्येक रकान्याला त्याचा प्रकार लावून दे. तो हसायचा. "ताई, तुझ्या भाषा म्हणजे नुसतं सोवळं. हात धुतल्याशिवाय पाण्याला शिवू देत नाहीत. माझी बिचारी भाषा कुणालाही जेवायला वाढते."

प्रत्येक ओळीमागं ती कुणी लिहिली आणि केव्हा, याची नोंद यंत्रात राहते. नेवेनानं ती नोंद उघडली. स्तामेनचं नाव सापडेल याची तिला खात्री होती. खरं सांगायचं तर, त्या नावाखाली बोट ठेवताना होणारा थोडा आनंदही तिनं तयार ठेवला होता.

ओळ सापडली. रकाना भरणारी ओळ, आणि त्यात प्रकाराची जागा मोकळी. पुढं नाव: नेवेना. सहा वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजायला दहा मिनिटं.

स्तामेन तेव्हा या इमारतीत नव्हताच.

तिनं आठवून पाहिलं. त्या शुक्रवारी कुठं जायचं होतं, बस पकडायची होती का, बाप आजारी होता का, डोकं दुखत होतं का. काही आठवेना. एखादं कारण सापडलं असतं तर त्याला टेकून उभं राहता आलं असतं. कारणच नव्हतं. तिनं कंटाळा केला होता, एवढंच. आणि यंत्रानं एकदाही तिला अडवलं नव्हतं. नुसतं एक "काय गं, हे काय आहे?" विचारलं असतं मेल्यानं! दोन-दोन-तीन घेतले, सात दिले, आणि वर "सर्व नोंदी यशस्वी" असं लिहून दाखवलं.

तिनं ती नोंद बंद केली. मग कागद भरायला घेतला. काय घडलं: लिहिलं. कसं घडलं: अगदी तपशिलात लिहिलं, मजकूर कसा आकडा झाला ते, दोन्ही मांडण्या देऊन. तिसऱ्या चौकटीवर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा एक ठिपका उमटला. तिनं ती चौकट रिकामी ठेवून कागद वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी कागद सहीसाठी परत आला. तिसऱ्या चौकटीत दोन्चेवा मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात 'स्तामेन' असं लिहिलेलं होतं. बाजूला पेन्सिलीनं: तुम्ही विसरलात, मी भरलं.

तिनं सही केली नाही. खोडलंही नाही. कागद खणात ठेवून दिला.

*

मग ऐकणं सुरू झालं. दिवसाला पावणेदोनशे गाणी, सकाळी आठपासून. मधल्या खोलीतला ऊब देणारा गरम पाण्याचा नळ सारखा ठोके द्यायचा, आणि तेही बेतालात. रांगेलकाका शाबूत कान पुढं करून बसायचे. स्तामेन गाणं लावायचा. नेवेना समोर तक्ता घेऊन लिहायची. आता तिनं त्या रकान्याला दहादा प्रकार लावून ठेवला होता. मजकूर, मजकूर आणि मजकूर. चुकून साधा सात टाकला तरी यंत्र लाल होऊन ओरडायचं. त्या ओरडण्यानं तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटायचं नाही.

फितीवरून एक म्हातारी गाऊ लागली. आवाज असा, की धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरातून येतोय:

वर डोंगरी धुकं गं, खाली दरीमधी ऊन,
मधी उभा माझा दादा, कुणी पुसेना अजून.

"सांग," रांगेलकाका नेवेनाला म्हणाले.

ती बोटांवर मोजत होती. "दोन... दोन... तीन?"

"ढोलकऱ्याची पोर तू! स्पासनं ऐकलं असतं तर ढोल फोडला असता. स्तामेन, तू."

स्तामेन बघतही नव्हता. तो बिया सोलत होता, आणि टेबलाखाली त्याचा उजवा पाय आपला आपण चालत होता. रेंगाळला, चट, चट. रेंगाळला, चट, चट.

"लांब आधी," तो म्हणाला. "तीन-दोन-दोन."

रांगेलकाकांनी मान आडवी हलवली. त्या मुलखात तो होकार. "या गाढवाच्या डोक्यात काही नाही, पण पाय विद्यापीठात शिकलेत."

असंच चाललं. तिसऱ्या दिवसापासून रांगेलकाका स्तामेनच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत, टेबलाखाली वाकून त्याच्या बुटाकडं बघायचे. दुपारी स्तामेनची बायको योन्का बानित्साचा डबा पाठवायची. तिला सातवा महिना होता. चीज घातलेल्या त्या पापुद्र्याच्या वळकट्या रांगेलकाका कागदपत्रांवर तूप सांडत खायचे, आणि नेवेना ओरडायची. ओरडायला कारण मिळालं की तिला जरा मोकळं वाटायचं. फितीच्या खरखरीवर ती ओरडली. नळावर ओरडली. एकदा स्तामेननं बियांची पिशवी फोडली, तर त्या आवाजावर इतकी ओरडली की काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"काय गं, दूध नासल्यासारखी करतेस आठवडाभर?"

"कामं आहेत, काका."

"कामं आम्हालाही आहेत. आम्ही नासलोय का?"

दुसऱ्या बुधवारी काका दातांच्या डॉक्टरकडं गेले होते. दोघंच होते. एक तरुण बाई गात होती, मागं कुणीतरी भांडी घासत होतं:

नदीकाठी पाय सरे, घडा फुटे माझ्या हाती,
घरी नाव वाऱ्याचं गं, वाऱ्याला ना जीभ होती.

"हे भारी आहे," स्तामेन म्हणाला. "दोन-दोन-तीन. पुन्हा लावू?"

"नको. पुढचं."

त्यानं पुढचं लावलं नाही. सालांचा ढीग बोटानं सारखा करत राहिला. "ताई, एक बोलू? तुझं नाक कापलं गेलं माझ्यामुळं. वर सगळे म्हणतात, नेवेनाच्या विभागात असं झालं. मला वाईट वाटतं."

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"तू तपासलंस का, कुणी केलं ते?"

"काय तपासायचं? असेल माझंच. मी असाच आहे. शाळेतसुद्धा खिडकी फुटली की बाई आधी माझ्याकडं बघायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या." तो हसला. "बुर्गासला मेव्हण्याचं गॅरेज आहे. म्हणतो, ये, चाकं लाव. चाकांचं बरं असतं. चौकोनी चाक कुणी आणून देत नाही."

"आणि योन्का?"

"तिला अजून सांगितलं नाही. म्हटलं शुक्रवार होऊ दे."

आत्ता, नेवेनाला वाटलं. आत्ताच. शब्द अगदी दातांपर्यंत आले. ती ओळ. एवढंच म्हणायचं होतं, ती ओळ.

"चहा घेणार?" ती म्हणाली.

"घेतो की."

चहाच्या यंत्रासमोर ती उभी राहिली, आणि नाणं अडकलं तेव्हा तिनं त्या यंत्राला इतक्या जोरात लाथ मारली की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी वर आला. "मॅडम, मार खाऊन ते चालत नाही," तो समजुतीनं म्हणाला. "मी चार वर्षं मारून पाहिलंय."

*

शुक्रवारी पावणेअकराला सव्वीस गाणी उरली होती. दोन्चेवा मॅडम अकराला येणार होत्या, यादी बंद करायला आणि कागद न्यायला. नेवेनानं कागद खणातून काढून टेबलावर पालथा ठेवला होता.

रांगेलकाका फितीच्या डबीवरचं स्वतःचं जुनं अक्षर वाचता वाचता थबकले.

"अरे! ही विसरलोच होतो मी. पिरीनच्या पायथ्याचं लग्न. त्यांचा ढोलकरी आजारी पडला, म्हणून थ्रेसच्या सपाटीवरून पाहुणा आणला होता. नेवेना, पाहुणा कोण माहितेय? तुझा बाप."

"बाबा पिरीनला कधी गेले होते?"

"छत्तीस वर्षं झाली. तू एवढीशी असशील. लाव रे."

आधी गर्दीचा गलका आला. ग्लास, कुत्रा, कुणाचं तरी खोकणं. मग गायदाची, म्हणजे फुंकून वाजवायच्या कातडी बाजाची, पिशवी फुगली आणि सूर सुरू झाला. आणि मग ढोल. नेवेनानं तो पहिल्याच ठोक्याला ओळखला. जाड टिपरू जरा आळसात पडायचं आणि बारीक छडी त्याच्या मागं धावायची.

पण काहीतरी बिनसलं होतं. गायदा एकीकडं चालला होता आणि ढोल दुसरीकडं. नाचणाऱ्यांचे पाय फरशीवर अडखळत होते. टेबलाखाली स्तामेनचा पायसुद्धा गोंधळून थांबला. फितीवरच्या गर्दीतून एक माणूस ओरडला, "ए गायदावाल्या, प्यायलास काय सकाळपासून? सांभाळ की!" लोक हसले. गायदाचा सूर शरमून बारीक झाला.

तेवढ्यात ढोल थांबला.

"थांबा, थांबा." अक्रोडाच्या सालीचा आवाज. "त्याला बोलू नका. तो बरोबर आहे. हात माझा चुकला. आमच्याकडं लांब शेवटी येतो, मी तसाच वाजवत बसलो. तुमचा लांब आधी आहे, आणि मी विचारलं नाही. चूक माझी. चला, परत."

कुणीतरी म्हणालं, "सात ते सातच की, पाहुणे!"

"सात किती ते नको सांगूस," फितीवरचा बाप म्हणाला, "कसे ते बघ." आणि टिपरू पडलं. रेंगाळलं, चट, चट. गायदा उसळून वर आला, पाय एकदम जुळले, आणि कुणा बाईनं आनंदानं किंकाळी फोडली.

रांगेलकाका हसता हसता डोळे पुसत होते. "त्या गायदावाल्यानं नंतर त्याला मिठी मारली, माहितेय? म्हणाला, ढोलकरी कधी चूक कबूल करत नाही, बाबा, तू कुठला आलास. लिही गं. तीन-दोन-दोन."

नेवेनानं लिहिलं. छत्तीस वर्षं. म्हणजे विहिरीच्या कठड्यावरचे अक्रोड त्याच्या पुढच्या वर्षीचे. ती समजत होती की ती गोष्ट बापाला जन्मतःच येत होती.

दार वाजलं. दोन्चेवा मॅडम अंगात कोट घालूनच आत आल्या. "झालं?"

"पंचवीस राहिलीत," स्तामेन म्हणाला. "दुपारपर्यंत होतील, मॅडम. मी थांबतो. तसंही आज शेवटचाच दिवस आहे, पूर्ण करूनच जाईन."

"आणि कागद?"

नेवेनानं कागद उलटा केला. तिसऱ्या चौकटीत ते टपोरं नाव होतं, आणि त्याच्याखाली अकरा दिवसांपूर्वीचा तिचा शाईचा ठिपका अजून दिसत होता. फीत अजून फिरत होती. ढोल दूर, बारीक, पण बरोबर वाजत होता. तिला राग आला. सैल भाषेचा, या कागदाचा, तिच्या रिकाम्या जागेत न विचारता नाव भरणाऱ्या बाईचा, आणि बुर्गासला चाकं लावायला निघालेल्या या भोळसट माणसाचा. सगळे राग एकामागून एक येऊन गेले, आणि शेवटी जो उरला तो दुसऱ्या कुणावर टाकता येईना. तिनं पेन उचललं आणि ते नाव खोडलं.

"अहो, हे काय करताय?" दोन्चेवा मॅडम म्हणाल्या.

नेवेना मॅडमकडं नाही, स्तामेनकडं बघत बोलली. तिचा आवाज खरखरीत निघाला.

"ती ओळ माझी आहे, स्तामेन. सहा वर्षांपूर्वीची, तू इथं यायच्या आधीची. मला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं. मी ती चौकट विसरले नव्हते, मी ती मुद्दाम रिकामी ठेवली होती."